तिकिटाविना फिरता येणारा देश: लक्झेंबर्गच्या मोफत सार्वजनिक वाहतुकीचा अनुभव

लक्झेंबर्गच्या फिंडेल विमानतळाबाहेर ट्रामच्या थांब्यावर आल्यावर नवख्या प्रवाशाची नजर सवयीने तिकिटाचे यंत्र शोधू लागते. ते सापडत नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून या देशातील बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांसाठी मोफत आहे, आणि ‘सर्वांसाठी’ या शब्दाला इथे कोणतीही पुरवणी जोडलेली नाही. एस्टोनियातील टालिन शहराने 2013 साली नोंदणीकृत रहिवाशांना मोफत प्रवास दिला, माल्टाने 2022 साली स्वतःचे कार्ड असलेल्या रहिवाशांना बसप्रवास मोफत केला. परंतु या दोन्ही ठिकाणी पाहुण्याला पैसे मोजावे लागतात. लक्झेंबर्गमध्ये पाहुण्यालाही नावनोंदणी करावी लागत नाही, कार्ड घ्यावे लागत नाही की कोणाला ओळखपत्र दाखवावे लागत नाही. गाडी आली की चढायचे, आपले ठिकाण आले की उतरायचे. संपूर्ण देशभर अशी सोय करणारा हा जगातील पहिला देश. सहा दिवस या सेवेवरच विसंबून फिरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या चिमुकल्या देशाची आणि त्याच्या सर्वांत मोठ्या शहराची ओळख करून घ्यायची असेल, तर ही वाहतूकच सर्वांत चांगला वाटाड्या आहे. तिच्या उणिवाही आहेत, आणि त्यांविषयी मी पुढे लिहिणारच आहे.

आधी देशाविषयी थोडे. बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या मध्ये वसलेल्या लक्झेंबर्गचे क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही कमी आहे. उत्तर-दक्षिण लांबी 82 किलोमीटर आणि रुंदी 57 किलोमीटर. लोकसंख्या 6.8 लाखांच्या आसपास असून त्यांतील जवळजवळ निम्मे लोक परदेशी नागरिकत्व असलेले आहेत. लक्झेंबर्ग या नावाच्याच राजधानीत, सुमारे 1.3 लाखांच्या वस्तीत, हे प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत जाते. ‘ग्रँड डची’, म्हणजे ग्रँड ड्यूक ही पदवी असलेल्या राजाचे राज्य, या प्रकारचे हे जगात उरलेले एकमेव राज्य. ऑक्टोबर 2025 मध्ये ग्रँड ड्यूक आंरी यांनी पदत्याग केला आणि त्यांचे पुत्र गियोम गादीवर आले. फ्रेंच आणि जर्मन यांच्या जोडीला लक्झेंबर्गिश ही इथली तिसरी भाषा, जिला 1984 च्या कायद्याने राष्ट्रभाषेचा मान मिळाला. दुकानात फ्रेंच, वर्तमानपत्रात जर्मन आणि घरात लक्झेंबर्गिश अशी वाटणी पाहायला मिळते, आणि ट्राममध्ये पुढच्या थांब्याची घोषणा कानावर पडते तेव्हा ही तिसरी भाषा पाहुण्याला पहिल्यांदा भेटते.

विमानतळावरून निघणारी ट्राम मार्च 2025 मध्ये सुरू झाली आणि त्यामुळे शहरात शिरण्याचा मार्गच बदलला. ही मार्गिका डिसेंबर 2017 मध्ये किर्शबर्गच्या पठारावरील छोट्या टप्प्याने सुरू झाली होती. 2020 च्या अखेरीस ती मध्यवर्ती रेल्वे स्थानकापर्यंत आली आणि पुढे दक्षिणेकडे वाढत गेली. विमानतळाकडून येताना प्रथम किर्शबर्ग लागते. युरोपीय संघाचे न्यायालय, युरोपीय गुंतवणूक बँक आणि अनेक वित्तसंस्था इथेच आहेत. काचेच्या या उंच इमारती पाहून काहींचा विरस होईल, ‘युरोपातले जुने शहर कुठे आहे?’ असा प्रश्न पडेल. पण हा देश आज काय करतो ते याच पठारावर दिसते, म्हणून खिडकीबाहेर नीट पाहावे. पुढे फिलहार्मोनीचा थांबा येतो. फ्रेंच वास्तुविशारद क्रिस्तियाँ द पोर्झांपार्क यांनी रचलेल्या आणि 2005 मध्ये खुल्या झालेल्या या संगीतगृहाभोवती 823 पांढरे खांब उभे आहेत, आणि चालत्या ट्राममधून पाहताना ते खांब एकमेकांमागे सरकत असल्याचा भास होतो. तिथून चार पावलांवर आय. एम. पेई यांनी घडवलेले आधुनिक कलेचे ‘म्युडाम’ हे संग्रहालय आहे. जुन्या थ्युंगेन किल्ल्याच्या अवशेषांना धरूनच त्याची मांडणी केली आहे.

त्यानंतर ट्राम लाल पुलावर येते, आणि या प्रवासातला मला सर्वांत प्रिय असलेला क्षण इथे घडतो. ग्रँड डचेस शार्लोट यांच्या नावाचा हा पूल 1966 मध्ये बांधून झाला. तो आल्झेट नदीच्या दरीवरून सत्तरहून अधिक मीटर उंचीवरून जातो, आणि खाली फाफेनथाल वस्तीची छपरे, बागा, नदीचा बारीकसा पट्टा आणि रेल्वेचे रूळ एकाच नजरेत दिसतात. काही मिनिटांपूर्वीचे काचेचे शहर मागे पडते आणि समोर तटबंदी व मनोरे असलेले जुने शहर उभे राहते. या पुलापासून मध्यवर्ती स्थानकापर्यंत ट्रामच्या वर विजेच्या तारा नाहीत. जुन्या शहराच्या दर्शनात तारांचे जाळे आड येऊ नये म्हणून गाडी स्वतःजवळ साठवलेल्या विजेवर हा टप्पा पार करते, आणि प्रत्येक थांब्यावर प्रवासी चढत-उतरत असतात तेवढ्या अवधीत जमिनीतून पुन्हा वीज भरून घेते. नव्या सोयीने जुन्या नगररचनेचा किती मान राखावा, याचे इतके विचारपूर्वक उदाहरण मी फार कमी ठिकाणी पाहिले आहे.

लक्झेंबर्ग शहर समजून घेताना नकाशा अपुरा पडतो, कारण नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन जागांमध्ये खोल दरी असू शकते. आल्झेट आणि पेत्रुस या दोन नद्यांनी वालुकाश्म कापून केलेल्या घळींच्या काठावर वरचे शहर आहे आणि तळाशी ग्रुंड, क्लाउसेन, फाफेनथाल या जुन्या वस्त्या आहेत. अशा शहरात सार्वजनिक वाहतूक केवळ रस्त्यांवरून धावून भागत नाही. तिला वर-खालीही जावे लागते. म्हणूनच इथल्या उद्वाहकांना, म्हणजे साध्या शब्दांत लिफ्टना, मी याच सेवेचा भाग मानतो. सेंट एस्प्री पठारावरून एक लिफ्ट थेट ग्रुंडमध्ये उतरते. दुसरी, 2016 मध्ये सुरू झालेली फाफेनथालची काचेची लिफ्ट 71 मीटर उंचीची आहे आणि वरच्या शहरातील उद्यानाला दरीतल्या वस्तीशी जोडते. वर पोहोचल्यावर पुढे आलेल्या काचेच्या सज्ज्यातून पायाखालची दरी दिसते. याशिवाय दरीतल्या फाफेनथाल-किर्शबर्ग रेल्वे स्थानकापासून पठारावरच्या ट्रामच्या थांब्यापर्यंत उतारावरून चढणारी केबल-रेल्वे आहे. रेल्वेतून उतरावे, केबल-रेल्वेने दोन मिनिटांत वर यावे आणि समोर उभ्या असलेल्या ट्राममध्ये बसावे, ही जुळणी इतकी सहज आहे की ती जमवण्यासाठी किती विचार झाला असेल हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात येते. या लिफ्ट आणि केबल-रेल्वेही मोफत आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्या किंवा लहान मुलांची गाडी ढकलणाऱ्या पाहुण्यांना त्यांचे मोल अधिक कळेल. माझ्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मावशी होत्या, आणि त्या दिवसातून तीन वेळा दरीत उतरून वर आल्या.

दरीमुळेच हे शहर जन्मले. 963 साली काउंट सिगफ्रीड याने ट्रियर येथील सेंट मॅक्सिमिन मठाशी जमिनीची अदलाबदल करून बॉक नावाचा उभा कडा मिळवला आणि त्यावर गढी बांधली. ‘लुसिलिनबुरहुक’, म्हणजे ‘छोटी गढी’, या तिच्या नावातून पुढे देशाचे नाव आले. त्यानंतरच्या शतकांत बर्गंडी, स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि प्रशिया अशा एकामागून एक सत्तांनी हा किल्ला ताब्यात घेतला, आणि आलेल्या प्रत्येकाने त्यात भर घातली. 1684 मध्ये फ्रेंचांनी शहर जिंकल्यावर त्यांचा प्रसिद्ध दुर्गरचनाकार व्होबाँ याने तटबंदी नव्याने उभारली. खडकाच्या पोटात तोफा आणि सैनिकांसाठी खोदलेले बोगदे एकूण 23 किलोमीटर लांब होते. ‘उत्तरेचे जिब्राल्टर’ म्हणून ओळखला गेलेला हा दुर्ग शेवटी कोणा शत्रूने पाडला नाही, तर एका कराराने पाडला: 1867 च्या लंडन तहानुसार लक्झेंबर्ग तटस्थ राष्ट्र ठरले आणि किल्ला मोडून टाकण्याचे बंधन आले. ते काम 16 वर्षे चालले. तरीही सुमारे 17 किलोमीटर बोगदे उरले, कारण ते फोडले असते तर वरचे शहरच खचले असते. दुसऱ्या महायुद्धात याच बोगद्यांनी बॉम्बवर्षावापासून हजारो नागरिकांना आसरा दिला. जुने शहर आणि तटबंदी 1994 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बॉकच्या बोगद्यांना प्रवेशशुल्क आहे आणि ते ठरावीक काळातच खुले असतात, म्हणून जाण्यापूर्वी वेळ तपासावी. पण त्यांच्या शेजारून जाणारी ‘कॉर्निश’ ही कड्याकाठची वाट केव्हाही चालता येते, आणि सकाळी लवकर, ग्रुंडमधील घरांवरून धुके उठत असताना तिथून चालावे असा माझा आग्रह आहे.

वरच्या शहरात ग्रँड ड्यूकचा राजवाडा, प्लास दार्म हा चौक आणि सतराव्या शतकातील नोत्रदाम कॅथेड्रल ही स्थळे एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर आहेत. तिथे गाडीचे काम नाही. अडोल्फ पुलाजवळच्या सोनेरी स्त्रीपुतळ्यापाशी मात्र थांबावे. पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांकडून लढलेल्या लक्झेंबर्गच्या स्वयंसेवकांच्या स्मरणार्थ हे स्मारक 1923 मध्ये उभारले गेले. 1940 मध्ये जर्मन आक्रमकांनी ते पाडले, पुतळा अनेक वर्षे बेपत्ता राहिला, 1980 मध्ये तो शहरातील क्रीडागाराच्या प्रेक्षकसज्ज्याखाली सापडला आणि 1985 मध्ये स्मारक पुन्हा पूर्णपणे उभे राहिले. लहान राष्ट्राला स्वतःची ओळख जपण्याची किती आस असते, ते या पुतळ्याच्या कथेतून कळते.

आता शहराबाहेर. प्रवास मोफत असल्याचा खरा लाभ इथे जाणवतो, कारण ‘तेवढ्यासाठी तिकीट काढून जावे का?’ हा हिशेब मनातून निघून जातो. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने साधारण तासाभरात क्लेर्वो गाठता येते. डोंगरांनी वेढलेल्या या गावातील किल्ला डिसेंबर 1944 मध्ये आर्देनच्या लढाईत जळाला होता. पुन्हा बांधलेल्या त्याच किल्ल्यात छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी जुळवलेले ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे छायाचित्र-प्रदर्शन 1994 पासून कायमचे मांडलेले आहे. स्टायकेन यांचा जन्म 1879 मध्ये लक्झेंबर्गमध्येच झाला. बालपणीच ते अमेरिकेत गेले आणि 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी हे प्रदर्शन प्रथम मांडले. 68 देशांतील 273 छायाचित्रकारांची 503 छायाचित्रे, ज्यांत जन्म, खेळ, श्रम, भूक, प्रेम आणि मृत्यू यांची एक सलग माळ गुंफली आहे. 2003 मध्ये युनेस्कोने ते ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत समाविष्ट केले. युद्धात जळालेल्या भिंतींच्या आत, माणूस सगळीकडे सारखाच आहे असे सांगणारी ही चित्रे पाहताना मी दोन तास बोललो नाही. लक्झेंबर्गला एकच दिवस देणाऱ्या पाहुण्यालाही मी अर्धा दिवस क्लेर्वोसाठी राखायला सांगेन.

दक्षिणेला वेगळेच दृश्य आहे. एश-स्युर-आल्झेट हे देशातील दुसरे मोठे शहर, आणि त्याच्या कडेला बेल्वाल येथे पोलादाच्या जुन्या कारखान्याच्या दोन अजस्र झोतभट्ट्या जपून ठेवल्या आहेत. इथली शेवटची भट्टी 1997 मध्ये विझली. 2015 पासून याच आवारात लक्झेंबर्ग विद्यापीठाचे मुख्य केंद्र आहे, त्यामुळे गंजलेल्या नळ्यांच्या सावलीत विद्यार्थी डबा खाताना दिसतात. बँकांच्या आधी हा देश लोखंडावर जगत होता, हे किर्शबर्ग पाहून कळत नाही; ते बेल्वालला कळते. इथल्या पोलाद उद्योगाचा आधार असलेली ‘आर्बेड’ ही 1911 मध्ये स्थापन झालेली कंपनी 2002 मध्ये ‘आर्सेलर’मध्ये विलीन झाली आणि 2006 मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने ती घेतल्यावर ‘आर्सेलरमित्तल’ अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय आजही लक्झेंबर्ग शहरातच आहे.

जिथे रेल्वे पोहोचत नाही तिथे बस जाते. विआंडनचा भव्य किल्ला 1820 मध्ये तुकड्या-तुकड्यांत विकला जाऊन भग्न झाला होता. 1977 मध्ये तो सरकारकडे आल्यावर त्याची काळजीपूर्वक पुनर्बांधणी झाली. फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो 1871 मध्ये याच गावात राहिले होते, आणि पुलाशेजारचे त्यांचे घर आता संग्रहालय आहे. पूर्वेला एश्टरनाख आहे, जिथे संत विलिब्रॉर्ड यांनी 698 मध्ये मठ स्थापन केला. तिथूनच म्युलरथालच्या वालुकाश्मातील अरुंद घळींमधून जाणाऱ्या 112 किलोमीटरच्या पायवाटेला लागता येते, आणि बस मोफत असल्यामुळे एका गावातून चालत निघून दुसऱ्या गावातून परतणे अगदी सोपे होते. आग्नेय टोकाला, मोझेल नदीच्या काठी, शेंगेन हे द्राक्षमळ्यांचे छोटे गाव आहे. ज्यांनी युरोपचा व्हिसा मिळवण्यासाठी कागदपत्रांच्या फायली तयार केल्या आहेत, त्यांनी त्या नावाचे मूळ गाव पाहावेच. 14 जून 1985 रोजी बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या पाच देशांच्या प्रतिनिधींनी इथे नदीतल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या जहाजावर आपसांतील सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा करार केला. नदीपलीकडे जर्मनी आणि थोडे पुढे फ्रान्स.

आता उणिवांकडे वळतो. पहिली म्हणजे ग्रामीण बस. आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी मुख्य मार्गांवर गाड्यांची वाट फारशी पाहावी लागत नाही, पण रविवारी आणि सायंकाळनंतर दूरच्या गावांकडील फेऱ्या विरळ होतात. विआंडन किंवा म्युलरथालला जाताना परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवणे भाग आहे. दुसरी म्हणजे रेल्वेवरची कामे. जाळे वाढवण्यासाठी वर्षानुवर्षे दुरुस्ती आणि विस्तार सुरू असून, विशेषतः सुट्टीच्या काळात काही मार्ग बंद राहतात व त्याऐवजी बस धावतात, ज्यांना साहजिकच अधिक वेळ लागतो. तिसरी, सकाळ-संध्याकाळची गर्दी. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दररोज दोन लाखांहून अधिक लोक कामासाठी या देशात येतात, त्यामुळे त्या तासांत पाहुण्याने मोठ्या बॅगा घेऊन रेल्वेत चढू नये. शिवाय रेल्वेच्या पहिल्या वर्गाला आजही तिकीट लागते. डब्यावर ‘1’ हा आकडा दिसल्यास त्यात बसू नये.

मोफत म्हणजे खर्च नाही असे नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. या सेवेवर वर्षाला सुमारे 50 कोटी युरो खर्च होत होते, तेव्हा तिकिटांतून मिळणारे उत्पन्न सुमारे 4.1 कोटी युरो होते. खर्चाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असलेली ही रक्कम सरकारने करांतून सोसायची ठरवली. वाहनांची कोंडी कमी व्हावी ही त्यामागची एक मोठी अपेक्षा होती, पण दरडोई मोटारींच्या संख्येत हा देश युरोपात आघाडीवर असून रस्ते आजही तुंबतात. माझ्या मते लोक मोटार घरी ठेवतात ते भाडे माफ झाल्यामुळे नव्हे, तर गाडी वेळेवर आणि वारंवार येते म्हणून. आणि ट्रामच्या मार्गावर दिसणारी गर्दी हेच सांगते. म्हणून या सेवेचे कौतुक करताना मी ‘मोफत’ या शब्दापेक्षा ट्राम, रेल्वे, बस आणि लिफ्ट यांच्या जुळणीला अधिक गुण देतो.

नियोजनाविषयी दोन सूचना. सहलीची चौकशी करताना एका प्रवासी संस्थेने मला ‘शहरांतर्गत वाहतूक’ या नावाखाली माणशी वेगळी रक्कम सांगितली होती. लक्झेंबर्गसाठी असा खर्च कोणी लावत असेल, तर तो कशासाठी आहे हे विचारावे. पाहुण्यांसाठीच्या ‘लक्झेंबर्ग कार्ड’चा उपयोग आता संग्रहालये आणि किल्ले यांच्या प्रवेशापुरता आहे, तेव्हा किती ठिकाणी आत जायचे आहे हे मोजूनच ते घ्यावे. राहण्याचा खर्च मात्र या देशात खरोखरच जास्त आहे. राजधानीतील हॉटेले कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी दर उतरतात. आम्ही तीन रात्री एटेलब्रुक या उत्तरेकडील रेल्वे जंक्शनच्या गावी राहिलो, जिथून राजधानी सुमारे अर्ध्या तासावर आहे आणि विआंडनकडे जाण्याची सोयही जवळ पडते. रोजच्या ये-जा करण्याला पैसे लागत नसल्यामुळे हे परवडले, आणि संध्याकाळी शांत गावात परत येण्याचे समाधानही मिळाले.

सातव्या दिवशी आम्ही ट्रियरला जाणारी गाडी पकडली. त्या मार्गावर लक्झेंबर्गच्या हद्दीतील शेवटचे स्थानक वासरबिलिग. मोफत प्रवास तिथे संपतो आणि पुढच्या जर्मन भागाचे तिकीट काढावे लागते, जे आधीच घेऊन ठेवणे श्रेयस्कर. मावशींनी ते तिकीट सबंध प्रवासभर हातात धरले होते. वासरबिलिग सुटले, मोझेलच्या पलीकडे द्राक्षमळे सुरू झाले, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच आमच्याकडे तपासनिसाला दाखवण्यासारखे काहीतरी होते.